विश्लेषण : शाळेच्या ‘प्रॉम’साठी अंगभर ड्रेस मिळणे इतके अवघड का?

अमेरिकेत एप्रिल-मे हा ‘प्रॉम’चा, म्हणजे हायस्कूलमधील औपचारिक नृत्यसोहळ्याचा हंगाम. मुलांचे बहुतेक वेळा भाड्याच्या सुटावर भागते. मुलींची आणि त्यांच्या पालकांची खरेदी मात्र काही महिने आधीच सुरू होते. त्यातही जिला बाह्यांचा, गळा आणि पाठ झाकणारा ड्रेस हवा असतो, तिला दुकानांमागून दुकाने पालथी घालावी लागतात. वरवर हा आवडीनिवडीचा प्रश्न वाटतो. मुलीने काय घालायचे हे कोणी ठरवायचे, हा त्यामागचा खरा वाद आहे.

प्रॉम म्हणजे काय?

‘प्रॉमेनाड’ या शब्दाचे हे लघुरूप. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेच्या ईशान्येकडील महाविद्यालयांत ही प्रथा रुजली आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हायस्कूलपर्यंत पोहोचली. दुसऱ्या महायुद्धानंतर सुबत्ता आली, तसा हा सोहळा शाळेच्या व्यायामशाळेतून हॉटेलांच्या सभागृहात गेला. शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांतील मुलामुलींसाठी तो निरोप समारंभासारखाच असतो. त्यामुळे ‘ड्रेस मिळाला नाही तर जाऊ नकोस’ हे उत्तर मुलीला पटत नाही.

अंगभर ड्रेस कोणाला हवा असतो?

मुस्लीम कुटुंबे, युटा राज्यात मोठ्या संख्येने असलेले ‘लॅटर-डे सेंट्स’ (मॉर्मन) पंथीय, परंपरावादी ख्रिस्ती घरे यांचा त्यात समावेश होतो. मिशिगनमधील हॅमट्रॅमक या मुस्लीमबहुल शहरात २०१२ मध्ये विद्यार्थिनींनी फक्त मुलींसाठी प्रॉम भरवला होता. मॉर्मन चर्चच्या युवकांसाठीच्या पुस्तिकेत पूर्वी खांदे झाकण्यापर्यंतच्या सूचना होत्या. २०२२ च्या आवृत्तीत त्या काढून निर्णय तरुणांच्या विवेकावर सोपवण्यात आला. पण धर्म हे एकमेव कारण नाही. रात्रभर ड्रेस वर ओढत बसण्यापेक्षा निवांत नाचता यावे, एवढीच अनेकींची इच्छा असते.

मग दुकानात तो का मिळत नाही?

एक कारण शिवणकामातच आहे. बिनबाह्यांचा, बिनपट्ट्यांचा ड्रेस छाती-कमरेच्या मापावर बेतता येतो. बाही आली की खांदा, मुंढा आणि दंड अशी तीन मापे वाढतात. तयार कपड्यात ती सगळ्यांना नीट बसवणे कठीण. दुसरे कारण, दुकानदार खपणारा माल ठेवतो. एका रात्रीच्या कपड्यासाठी वेगळ्या आवडीचा साठा करणे त्याला परवडत नाही. २०१८ मध्ये युटातील एका विद्यार्थिनीने जुन्या कपड्यांच्या दुकानात मिळालेला चिनी ‘चिपाव’ प्रॉमला घातला आणि समाजमाध्यमांवर सांस्कृतिक उसनवारीचा मोठा वाद पेटला. त्या गदारोळात एक साधी गोष्ट मागे पडली. प्रॉमच्या ड्रेसमध्ये सहसा न मिळणारा बंद गळा हे तिच्या पसंतीचे एक कारण होते.

पालक आणि मुली काय करतात?

जाणती कुटुंबे ‘प्रॉम’ची पाटी सोडून नवरीच्या करवल्यांचे किंवा संध्याकाळच्या समारंभाचे कपडे असलेल्या विभागात आधी शोधतात. तिथे बाह्यांचे प्रकार अधिक असतात. दुसरा मार्ग शिंप्याचा. लांबीला जास्त असलेला ड्रेस घेतला, तर खालून कापलेल्या कापडातून बाह्यांची किंवा गळ्याच्या पट्टीची सोय होऊ शकते. आपल्याकडे बिनबाह्यांच्या तयार कुर्त्याला आतून बाह्यांचे कापड टाचून देतात. तीच सोय तिथे स्वतः करून घ्यावी लागते. पाठ उघडी असेल तर छोटे जाकीट चालते. पैशांची अडचण असल्यास वापरलेले ड्रेस मोफत देणाऱ्या संस्था आहेत. २००३ मध्ये फ्लोरिडात सुरू झालेली ‘बेकाज क्लोझेट’ ही त्यांपैकी एक. भारतीय वंशाच्या काही मुली तर थेट लेहंगा किंवा अनारकली घालून जातात.

शाळांचे नियम काय सांगतात?

तिथे गाडी उलट दिशेने अडते. बाजार उघडे कपडे विकतो आणि शाळा त्यावर बोट ठेवते. अमेरिकी संसदेसाठी काम करणाऱ्या ‘गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिस’ने २०२२ मध्ये शाळांच्या वस्त्रनियमांचा अभ्यास केला. सुमारे ६० टक्के नियमावल्यांत शरीराची किंवा कपड्यांची मापे घेण्याची तरतूद असल्याचा अंदाज त्यात आहे. मुलींच्या कपड्यांवर मुलांच्या कपड्यांपेक्षा अधिक बंधने असल्याचेही त्यात नोंदवले आहे. महिनाभर शोधून आणलेल्या ड्रेसवर ऐन दारात मोजपट्टी लागली, तर जो अपमान होतो त्याची भरपाई तिकिटाचे पैसे परत देऊन होत नाही.

निर्णय कोणाचा?

अंगभर कपडे मागणारी मुलगी मागासलेली नसते आणि न मागणारी बिघडलेली नसते. तिच्यावर सक्ती बाजाराची असो, शाळेची असो वा घरची, तिच्या वाट्याला अवघडलेपणच येते. शाळांनी नियम ठेवायचेच असतील तर ते खरेदीच्या आधी, स्पष्ट शब्दांत आणि मुलगे-मुली दोघांना सारखे लावून जाहीर करावेत. पालकांनीही खर्चाची मर्यादा आणि आपले म्हणणे घरातच सांगावे, मुलीचेही ऐकून घ्यावे. कपडे बदलण्याच्या खोलीबाहेर उभे राहून केलेला वाद मुलीच्या लक्षात राहतो, ड्रेस नव्हे. त्या रात्री तिने आरशात पाहून खांदे न आक्रसता बाहेर पडावे, एवढे साधले तरी शोध सार्थकी लागला.