खानदान बघायचंच असेल तर जंतूचं बघा!

पाचगणी म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? टेबललँड, स्ट्रॉबेरी विथ क्रीम, बोर्डिंग स्कूल आणि रीलसाठी भरपूर धुकं. पण याच पाचगणीत १९१२ मध्ये डॉ. बिलिमोरिया यांनी क्षयरोग्यांसाठी 'बेल एअर' सॅनेटोरियम सुरू केलं. तेव्हा टीबीवर औषधच नव्हतं. मोकळी हवा, विश्रांती, चांगलं जेवण आणि घरापासून लांब राहणं, एवढाच काय तो इलाज.

पुढे औषधं आली, पण पेशंटला लांब ठेवायची आपली सवय काही गेली नाही. स्थळ बघताना 'घराण्यात कुणाला टीबी होता का?' ही चौकशी अजून होते. हॉस्टेलवर कुणाला टीबी निघाला, तर तो 'टायफॉइड झालाय' सांगून गावी निघून जातो. माझं म्हणणं एवढंच, की खानदान बघायचंच असेल तर जंतूचं बघा. घातक जनुकं त्याच्याकडे आहेत.

ती काम कशी करतात? जंतू हवेतून फुप्फुसात जातो आणि आपल्या पांढऱ्या पेशी त्याला गिळतात. पेशीच्या आत तो एका पिशवीत अडकतो, तिथे आम्ल वाढतं. बहुतेक जंतूंचा खेळ इथेच खल्लास. टीबीचा जंतू मात्र बदललेलं वातावरण ओळखतो. 'फोपी' नावाचं त्याचं जनुक मुकादमासारखं इतर जनुकांना कामाला लावतं. 'आरडी१' या भागातल्या जनुकांमुळे अशी प्रथिनं बाहेर पडतात, की त्या पिशवीलाच इजा होते. मारायला आणलेला कैदी तुरुंगच फोडतो म्हणा ना!

याचा पुरावा तुमच्या दंडावर आहे, बीसीजीचा व्रण. काल्मेत आणि गेरँ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी गाईंच्या टीबीचा जंतू १३ वर्षं, तब्बल २३० वेळा प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा वाढवला. तिथे लढायला कुणी नव्हतं. त्या काळात त्याचा 'आरडी१' भाग, म्हणजे जेमतेम नऊ जनुकं, गळून गेला आणि जंतू सौम्य झाला. १९२१ मध्ये त्याचीच लस दिली गेली. नेमकं काय गळालं, ते कळायला मात्र १९९६ उजाडलं. पुढे शास्त्रज्ञांनी तो भाग बीसीजीत परत घातला, तेव्हा जंतू पुन्हा आक्रमक झाला.

आणि हे ज्ञान नुसतं परीक्षेपुरतं नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची 'सायटीबी' ही त्वचाचाचणी याच भागातली प्रथिनं वापरते. ती बीसीजीत नसतात, म्हणून लस घेतलेला आणि खरा संसर्ग झालेला, असा फरक करता येतो.

तुम्ही म्हणाल, मग एकाच घरात दोघातिघांना टीबी कसा होतो? सोपं आहे, ते एकाच खोलीतली हवा घेतात. तरीही संसर्ग झालेल्यांपैकी ५ ते १० टक्केच लोक आयुष्यात कधीतरी आजारी पडतात. कुपोषण, मधुमेह, एचआयव्ही किंवा तंबाखू असेल, तर जंतूचं फावतं. मेसचं जेवण चुकवून चहा-बिस्किटांवर दिवस काढणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

यात रुग्णाच्या घराण्याचा किंवा चारित्र्याचा संबंध कुठे आला? लाजेपोटी उशिरा तपासणी करणं आणि लपवाछपवीत गोळ्या चुकवणं, हे मात्र जंतूच्या पथ्यावर पडतं. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. नेहमीच्या टीबीचा कोर्स साधारण सहा महिन्यांचा असतो, आणि औषधं नीट सुरू झाली की काही आठवड्यांतच दुसऱ्याला संसर्ग व्हायची शक्यता खूप कमी होते.

तेव्हा दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर तपासून घ्या. रूममेटला टीबी निघाला, तर त्याच्याशी बोलणं बंद करू नका. आजची गोळी घेतली का, एवढं रोज विचारा.