'नाही' म्हणण्याची किंमत

सिगरेटच्या पाकिटातून फुकट निघालेल्या पुठ्ठ्याच्या तुकड्याचे किती पैसे यावेत? २०२२ साली असा एक तुकडा साडेबहात्तर लाख डॉलर्सना विकला गेला! त्यावर चित्र आहे होनस वॅग्नर या बेसबॉलपटूचं.

अमेरिकेत तेव्हा सिगरेटची पाकिटं मऊ कागदाची असत. सिगरेटी मोडू नयेत म्हणून आत जाड पुठ्ठा घालायचे. मग कोरा पुठ्ठा कशाला, चित्र छापू की! १८८७ च्या सुमारास ॲलन अँड जिंटर कंपनीने बेसबॉलपटू, बॉक्सर, नेमबाज ॲनी ओकली अशांची कार्डं काढली. संच पूर्ण करायचाय? घ्या अजून एक पाकीट. आपण ज्याला 'युझर रिटेन्शन' म्हणतो, ते हेच.

१९०९ ते १९११ मध्ये अमेरिकन टोबॅको कंपनीने पाचशेहून जास्त कार्डांचा संच काढला. त्यात वॅग्नरने मात्र आपलं चित्र वापरायला नकार दिला. त्याची परवानगी मिळवून देणाऱ्या पत्रकाराला दहा डॉलर मिळणार होते. त्याचं नुकसान नको म्हणून वॅग्नरने स्वतःच दहा डॉलरचा चेक पाठवला, अशी हकीकत १९१२ साली छापून आली. छपाई थांबली, आणि आज जेमतेम काही डझन कार्डं उरली आहेत.

आता काही लोक म्हणतात, कसलं तत्त्व? तो स्वतः तंबाखू चघळायचा, त्याला पैसे जास्त हवे असतील. मला हे पटत नाही. जास्त पैसे हवे असलेला माणूस उलट खिशातून चेक कशाला देईल? आणि व्यसन असणं वेगळं, ते पोरांना विकायला आपला चेहरा देणं वेगळं.

आपल्याकडे १९९६ च्या वर्ल्ड कपचं नावच 'विल्स वर्ल्ड कप' होतं. २००३ च्या कायद्याने तंबाखूच्या जाहिराती बंद झाल्या, तर त्याच ब्रँडची इलायची आली! एप्रिल २०२२ मध्ये अक्षय कुमारने अशाच एका जाहिरातीबद्दल चाहत्यांची माफी मागितली. म्हणजे 'नाही' म्हणायला जमतं, फक्त जरा उशिरा...

बाजाराने वॅग्नरच्या तत्त्वाला भाव दिला असं मी म्हणणार नाही. भाव दिला तो दुर्मिळतेला. पण ती दुर्मिळता आली कुठून? एका माणसाच्या नकारातून. 'हो' म्हणणाऱ्या बहुतेकांची कार्डं त्यामानाने आजही स्वस्तात मिळतात.

असो. पुढच्या वेळी टीव्हीवर कुणी हिरो इलायची तोंडात टाकताना दिसला, की वॅग्नर आठवून बघा.