साखरेचा रिपोर्ट आणि प्रगतिपुस्तक

मैत्रिणींनो, मधुमेहाचं पथ्य नेटाने सांभाळणाऱ्या बाईला सर्वांत जास्त काय लागतं, ठाऊक आहे? गोड सुटल्याचं दुःख हळूहळू अंगवळणी पडतं. पण महिनाभर बिनसाखरेचा चहा घ्यावा, लग्नाच्या पंगतीत जिलबी नको म्हणावी, पहाटे उठून चालायला जावं, आणि लॅबोरेटरीतून रिपोर्ट यावा तो उपाशीपोटीची साखर १६८! वर घरातलं कुणीतरी विचारतंच, “चोरून काही खाल्लंस का गं?” तो प्रश्न आकड्याहून जास्त झोंबतो.

मग पुढे काय होतं, तेही आपण पाहतो. कुणी रिपोर्ट कपाटातल्या साड्यांखाली सारते. कुणी दोन दिवस जवळजवळ उपाशी राहते. कुणी म्हणते, “जळलं मेलं ते पथ्य! एवढं करून हेच, तर आण तो शिरा इकडे.” माझ्या ओळखीच्या एका वहिनींनी तर असाच एक रिपोर्ट आल्यावर तपासणीच सोडली. वर्षभराने तळपायाची जखम भरेना, तेव्हा पुन्हा डॉक्टरांची पायरी चढल्या. साखर वाढली म्हणून जेवढं नुकसान होतं, तेवढंच ती बघायची सोडल्यामुळेही होतं.

मुळात रिपोर्टाकडे बघण्याची आपली सवयच शाळेतली आहे. कमी मार्क पडलेलं मूल प्रगतिपुस्तक दप्तराच्या तळाशी दडवतं, हे शिकवताना मी नेहमी बघते. पण रक्तातली साखर काही तुमच्या चांगुलपणाला मार्क देत नाही. शरीरात काय चाललंय याची ती बातमी असते, आणि वाईट बातमी वेळेवर कळली तर उपाय करता येतो.

आता ही बातमी वाचायची कशी? उपाशीपोटीची साखर केवळ रात्रीच्या जेवणावर ठरत नाही. आपण झोपलेले असताना यकृत रक्तात साखर सोडत असतं. पहाटे शरीरातली काही संप्रेरकं वाढतात आणि यकृताला आणखी जोर येतो. म्हणून रात्री अर्धीच भाकरी खाऊनही सकाळी आकडा चढलेला दिसू शकतो. ताप, दातदुखी, लघवीचा संसर्ग, जागरण, घरातली काळजी यांनीही साखर वाढते. दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर विचारायलाच नको.

घरी मशीनवर तपासत असाल तर आणखी एक सांगते. चांगल्या मशीनचा आकडासुद्धा १५ टक्क्यांपर्यंत इकडे-तिकडे होऊ शकतो. तेव्हा काल १५८ आणि आज १६६, म्हणून जीव टांगणीला लावू नका. आंबा चिरून तशाच हाताने बोट टोचलंत, तर बोटावरच्या रसाची साखरही त्यात धरली जाते. हात साबणाने धुऊन कोरडे करा. पट्ट्यांच्या डबीचं झाकण घट्ट लावा, आणि ती डबी गॅसजवळच्या फळीवर ठेवू नका.

एचबीएवनसी ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. आदल्या दिवशी उपास करून ती फसत नाही. मात्र अंगात रक्त कमी असेल, तर हा आकडा दिशाभूल करू शकतो. आपल्या बायकांत पांडुरोग काही दुर्मीळ नाही, तेव्हा डॉक्टरांना तसं आवर्जून सांगा. साधारणपणे उपाशीपोटी ८० ते १३०, जेवणानंतर १८० च्या आत आणि एचबीएवनसी ७ टक्क्यांच्या आत असं उद्दिष्ट धरतात. पण वय, गरोदरपण, इतर दुखणी पाहून तुमचं उद्दिष्ट डॉक्टर वेगळं ठरवू शकतात.

यासाठी एक साधी वही करा, दुधाच्या हिशेबाची असते तशी. तारीख, वेळ, आकडा, काय नि किती खाल्लं, गोळी घेतली का, चालणं झालं का, झोप कशी लागली, एवढंच लिहायचं. जेवणानंतरची साखर बघायची तर पहिल्या घासापासून दोन तास मोजा. पंधरा दिवसांत वही बोलायला लागते. एखादीला दिसतं की चतुर्थीला साबूदाण्याची खिचडी झाली की आकडा उडी मारतो. एखादीला कळतं की चहात साखरेऐवजी घातलेला गूळही साखरच आहे. ज्वारीची भाकरी पथ्याची म्हणून तीन खाल्ल्या, तर त्याही हिशेबात येतातच. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं शतपावली केली त्या दिवशी आकडा खाली आलेलाही दिसेल. तेही लिहा बरं का!

एक मात्र करू नका. रागाच्या भरात गोळ्या वाढवणं, सोडणं किंवा गोळी घेऊन उपाशी राहणं, हे तिन्ही धोक्याचं. साखर ७० च्या खाली गेली, हातापायांना कापरं भरलं, दरदरून घाम सुटला, तर तीन लहान चमचे ग्लुकोज किंवा साखर पाण्यातून लगेच घ्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, तडक दवाखाना गाठा. साखर ३०० च्या वरच राहत असेल, किंवा वाढलेल्या साखरेबरोबर उलट्या, धाप, गुंगी असेल, तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

आणि सगळं नीट करूनही आकडा हळूहळू चढतोय असं वहीत दिसलं तर? काही वर्षांनी स्वादुपिंडाची इन्शुलिन बनवायची ताकद कमी होत जाते. तो या आजाराचाच स्वभाव आहे. अशा वेळी डॉक्टरांनी दुसरी गोळी दिली किंवा इन्शुलिन सांगितलं, तर ती शिक्षा समजू नका. टोरांटोमध्ये १९२१ साली इन्शुलिनचा शोध लागण्यापूर्वी कितीतरी रोग्यांना ते मिळालंच नव्हतं.

थोडा उतारही वाया जात नाही. ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासातून २००० साली दिसलं की एचबीएवनसी १ टक्क्याने कमी असेल, तर डोळे, मूत्रपिंडं अशा ठिकाणच्या बारीक रक्तवाहिन्यांचे विकार ३७ टक्क्यांनी कमी आढळतात. म्हणजे ९ वरून ८ वर आलात, तर ‘अजून ७ कुठे झालंय’ म्हणून कपाळाला हात लावू नका.

घरातल्या मंडळींनाही एक विनंती. “काय खाल्लंस?” या प्रश्नाऐवजी “चल, जेवण झालंय, कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ” असं म्हणून बघा. आणि मैत्रिणींनो, कपाटात साड्यांखाली एखादा रिपोर्ट दडवलेला असेल, तर आजच बाहेर काढा. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर डॉक्टरांना विचारायचे दोन प्रश्न लिहा, आणि या आठवड्यात दवाखान्यात जाताना तो पर्समध्ये टाका.