भूक की भीती?

दहावीतील मुलाचे वजन वाढले की पालक मेदोहर गुग्गुळ मागतात, हा आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातील वैद्यबंधूंचा व औषध विक्रेत्यांचा नित्याचा अनुभव आहे. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या २१ व्या अध्यायात अचिंतन व हर्षनित्यत्व ही स्थौल्याची कारणे सांगितली असून चिकित्सेत चिंतन वाढविण्यास सांगितले आहे. परंतु परीक्षेच्या भीतीने वा घरच्या टोमण्यांनी व्यथित होऊन, भूक नसता रात्री फरसाण खाणाऱ्या मुलास निश्चिंत कसे म्हणावे? त्याची चिंता आणखी वाढविणे ही चिकित्सा नव्हे.

त्याच सूत्रस्थानात ७ व्या अध्यायात लोभ, शोक, भय, क्रोध हे धारणीय वेग आणि ११ व्या अध्यायात सत्त्वावजय सांगितला आहे. येथे वेगधारण म्हणजे भावना दडपणे नव्हे. ती ओळखून, क्षणभर थांबून मग कृती करणे होय. ‘ही भूक की भीती?’ हा प्रश्न मुलाला स्वतःस विचारावयास शिकविता येतो.

म्हणून वजनकाट्याआधी मनःस्थिती विचारावी. विक्रेत्यांनी वैद्याच्या सल्ल्याविना किशोरांसाठी मेदोहर औषध देऊ नये. मूल सतत उदास राहात असल्यास त्यास मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठविण्यात आपल्या शास्त्राचा मुळीच कमीपणा नाही.