५० रुपयांचा शिक्का आणि पेठ ते मंत्रालयाची वाट

ऑक्टोबर २०२५ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या आपल्या एका तरुणाचा व्हिडिओ राज्यभर फिरला. पुण्यातल्या महाविद्यालयातून पदवी, पुढे इंग्लंडमध्ये शिक्षण आणि लंडनच्या हीथ्रो विमानतळावर नोकरीची संधी, इथपर्यंत तो पोहोचला होता. नोकरी देणाऱ्यांनी जुन्या महाविद्यालयाकडे पडताळणी मागितली, ती महाविद्यालयाने दिली नाही आणि त्यामागे आपली जात आहे, असा त्याचा आरोप होता. महाविद्यालयाने जातीचा आरोप फेटाळला आणि विद्यार्थ्याच्या वर्तनाचा मुद्दा पुढे केला. बाळासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न जाहीरपणे उचलला, म्हणून त्याची चर्चा झाली. नंतर नेहमीप्रमाणे चर्चा विझली.

जातीचा आरोप कोण सिद्ध करील तेव्हा करील. पण महाविद्यालयाची बाजू शब्दशः खरी मानली तरी एक प्रश्न उरतोच. हा मुलगा आमच्याकडे शिकला का, अमुक साली पास झाला का, याचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' एवढेच असते. त्यात वर्तन कुठून आले? पडताळणी म्हणजे शिफारसपत्र नव्हे. शिफारस देणे ही प्राध्यापकाची मर्जी असू शकते, पण स्वतःच्या दप्तरातली नोंद खरी आहे असे सांगणे ही मर्जीची बाब असूच शकत नाही. या एका फरकावर आपल्या चळवळीने जितके बोलायला हवे होते तितके आपण बोललो नाही.

बोललो नाही, कारण परदेशी कागदपत्रांचा हा सगळा कारभार आपल्यापैकी बहुतेकांना एजंटच्या ऑफिसातच पहिल्यांदा कळतो. म्हणून आधी तो समजून घेऊ.

तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची सर्रास गल्लत होते. पहिली, झेरॉक्सवर 'खरी प्रत' असा शिक्का. देशात आता बहुतेक ठिकाणी आपलीच सही चालते, परदेशात तिला किंमत नाही. दुसरी, पडताळणी, म्हणजे परदेशी विद्यापीठ किंवा कंपनी थेट आपल्या बोर्डाला, विद्यापीठाला, महाविद्यालयाला विचारते. हीथ्रोचे प्रकरण या प्रकारातले, त्यात कुठलाही सरकारी शिक्का कामाला येत नाही. तिसरी, अपोस्टिल.

अपोस्टिल हा ५ ऑक्टोबर १९६१ च्या हेग करारातून आलेला प्रकार आहे. त्याआधी एका देशाचा दाखला दुसऱ्या देशात चालवायचा तर खालच्या कचेरीपासून दूतावासापर्यंत सह्यांची साखळी लागायची. करारातल्या देशांनी ठरवले की प्रत्येक देशाने आपल्या एका अधिकृत खात्याचा ठरावीक १० रकान्यांचा शिक्का लावावा आणि बाकीच्यांनी तो मानावा. भारतात हा करार १४ जुलै २००५ पासून लागू झाला. आपल्याकडे हे काम परराष्ट्र मंत्रालय करते. कागदाच्या मागे एक क्रमांकित स्टिकर लागतो आणि तो क्रमांक ऑनलाइन तपासता येतो. मंत्रालयाची फी एका कागदाला ५० रुपये. वर अर्ज स्वीकारणाऱ्या सेवा-कंपनीचे थोडे शुल्क. मुंबईतही हे काम होते, दिल्ली गाठावी लागत नाही.

मग एजंट हजारो रुपये कशाचे घेतो? वाटेचे. परराष्ट्र मंत्रालय थेट तुमच्या पदवीवर स्टिकर लावत नाही. आधी राज्य शासनाच्या अधिकृत अधिकाऱ्याची सही लागते, ज्याच्या सहीचा नमुना दिल्लीकडे असतो. महाराष्ट्रात हा अधिकारी मंत्रालयात, मुंबईत. आणि त्या सहीआधी पदवी असेल तर विद्यापीठाची पडताळणी. म्हणजे ५० रुपयांच्या शिक्क्यासाठी गाव, विद्यापीठ, मंत्रालय आणि पुन्हा परराष्ट्र खात्याचे केंद्र.

ही वाट पेठवरून मोजून बघा. पेठ हा नाशिक जिल्ह्याचा गुजरातला लागून असलेला आदिवासी तालुका, संपूर्ण अनुसूचित क्षेत्र. रेल्वे नाही. सावळघाट उतरून-चढून नाशिक ५० किलोमीटरच्या वर, तिथून मुंबई आणखी १७० च्या आसपास. तालुक्यात कोकणा, महादेव कोळी, वारली समाजाची वस्ती मोठी, आपली घरे मोजकी, त्यातली पुष्कळशी नोकरीनिमित्ताने आलेली. पुणे विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयात शिकलेल्या मुलाची पडताळणी पुण्याहून. बारावीची गुणपत्रिका बोर्डाच्या नाशिक विभागाची, ते त्यातल्या त्यात बरे. नोकरी करता करता यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून शिकलेल्यांचे एक सुख असे की त्या विद्यापीठाचे मुख्यालयच नाशिकला आहे. मंत्रालयाची सही मात्र मुंबईलाच. एका फेरीत काम झाले तर नशीब. मजुरी बुडवून तीन फेऱ्या मारणाऱ्या घराला एजंटचे पाच-सहा हजार स्वस्तच वाटणार, आणि ते गणित चुकीचेही नाही.

पण खरी अडचण शिक्क्याच्या आधीच सुरू होते. अपोस्टिल फक्त एवढेच सांगतो की या कागदावरची सही आणि शिक्का खरा आहे. कागदात लिहिले आहे ते खरे की खोटे, याची हमी तो घेत नाही. म्हणून चुकलेल्या दाखल्यावर अपोस्टिल लावला तर चूक तशीच परदेशात पोहोचते, आता सरकारी शिक्क्यासह. आपल्या समाजाच्या कागदांत या चुका पिढ्यान्‌पिढ्या साठलेल्या आहेत. शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली १ जून ही जन्मतारीख अर्ध्या महाराष्ट्राची आहे. जन्मनोंद वेगळ्या तारखेची, दाखला वेगळ्या तारखेचा, पासपोर्ट तिसऱ्याच तारखेचा. वडिलांचे नाव एका ठिकाणी घरगुती, एका ठिकाणी पूर्ण. आडनाव बदललेले, पण राजपत्रात छापून न घेतलेले. मुलीचे लग्नाआधीचे आणि नंतरचे नाव जोडणारा कागदच नाही. शाळा सोडल्यावर नोंदवहीतली दुरुस्ती फारच जिकिरीची होते, म्हणून ती दहावीचा फॉर्म भरायच्या आधी व्हायला हवी.

धर्माच्या रकान्याची तर वेगळीच कथा. एकाच घरात आजोबांच्या दाखल्यावर 'हिंदू-महार', वडिलांच्या 'नवबौद्ध', मुलाच्या 'बौद्ध'. १९९० च्या कायद्याने बौद्धांना केंद्रात अनुसूचित जातीचे हक्क मिळाले, तरी जातीचा दाखला मात्र पूर्वीच्या जातीच्या नोंदीवरच उभा राहतो. परदेशी विद्यापीठाला आपल्या जातीशी देणेघेणे नाही, पासपोर्टवर धर्मही नसतो. पण राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीच्या ७५ जागांपैकी एक मिळवायची तर समाजकल्याण खात्याला जातीचा दाखला आणि वैधता लागते, आणि व्हिसा कचेरीला नाव-तारीख सगळीकडे एकच लागते. एकाच मुलाला दोन टोकांच्या दोन कचेऱ्यांचे समाधान करायचे असते.

जन्मनोंदीच्या बाबतीत तर परिस्थिती अलीकडे बिघडली आहे. पेठसारख्या तालुक्यांत घरीच जन्मलेल्या, कधीच नोंद न झालेल्या माणसांची संख्या कमी नाही. अशांना उशिरा नोंदीचा मार्ग होता, आणि २०२३ च्या दुरुस्तीने तो कोर्टाऐवजी महसूल अधिकाऱ्यांकडे आला, म्हणजे सोपा झाला. पण आपल्याच जिल्ह्यातल्या मालेगावात अशा दाखल्यांवरून बांगलादेशींचा आरोप झाला, जानेवारी २०२५ मध्ये विशेष तपास पथक नेमले गेले, राज्यभर हे काम थांबवले गेले आणि मार्चमध्ये नवी कडक पद्धत आली. पुराव्यांची यादी वाढली, पोलिसांचा अहवाल आला, गुन्ह्याची टांगती तलवार आली. बनावट दाखले देणारा दलाल पकडलाच पाहिजे. पण मालेगावच्या राजकारणाची किंमत पाड्यावरच्या माणसाने का मोजावी, हे कोणी विचारले नाही. त्याच्याकडे दवाखान्याचा कागद नाही कारण दवाखानाच नव्हता.

जर्मनीचे उदाहरण यासाठी बघण्यासारखे आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आणि १०,००० तरुण पाठवण्याची घोषणा झाली. जर्मन भाषेचे वर्ग निघाले, फलक लागले. पण भारत हेग करारात आला तेव्हा जर्मनीने त्यावर आक्षेप नोंदवला होता, त्यामुळे त्या दोन देशांत भारतीय अपोस्टिल चालत नाही, हे किती फलकांवर होते? जन्म-विवाहाच्या दाखल्यांबाबत जर्मन अधिकाऱ्यांना शंका आली तर त्यांचा दूतावास इथल्या वकिलाकरवी मूळ नोंद तपासून घेतो. तो वकील ग्रामपंचायतीचे रजिस्टर उघडतो, शाळेची नोंदवही बघतो. तिथे खाडाखोड असेल तर वरचे सगळे शिक्के व्यर्थ. आखातातले संयुक्त अरब अमिराती (दुबई), कतार, कुवेत हे देशही करारात नाहीत, तिथे अपोस्टिल नव्हे तर जुनीच साखळी लागते: राज्य, परराष्ट्र मंत्रालय, त्या देशाचा दूतावास. एजंटने कुवेतच्या नोकरीसाठी अपोस्टिलचे पैसे घेतले तर तो एक तर अडाणी आहे किंवा लबाड.

कार्यकर्त्यांनी सगळ्यात जास्त लक्ष द्यावे असा विषय आहे विवाहाचा. आपले मंगल परिणय विहारात होतात, भन्तेजी किंवा बौद्धाचार्य विधी लावतात, संस्थेचे छापील प्रमाणपत्र मिळते आणि ते फ्रेम करून भिंतीवर लागते. ते प्रमाणपत्र कितीही आदराचे असले तरी शासकीय दस्तऐवज नाही, त्यावर थेट अपोस्टिल लागत नाही. नवरा इंग्लंडला आणि बायको व्हिसाच्या रांगेत अडकलेली, अशा वेळी हे कळते. बौद्धांचे विवाह सध्या हिंदू विवाह कायद्याच्याच कक्षेत येतात (यावर आपला स्वतंत्र कायद्याचा आग्रह आहे, तो रास्तच आहे), आणि नोंदणी महाराष्ट्राच्या १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखाली होते. गावात हे काम ग्रामसेवकाकडे, शहरात नगरपालिका-महापालिकेकडे. विहाराचे प्रमाणपत्र तिथे पुरावा म्हणून जोडता येते, पण नोंदणीच्या जागी ते चालत नाही. दीक्षेच्या प्रमाणपत्राचेही असेच. धर्म किंवा नाव बदलाची शासकीय खूण म्हणजे राजपत्रातली नोंद.

मग काय मागायचे? तीन मागण्या नाशिकच्या विभागीय आयुक्त कार्यालयावरच नेता येतील. एक, मंत्रालयातल्या सहीचा अधिकार विभागीय पातळीवर द्या. परराष्ट्र मंत्रालयाला सहीचा नमुना हवा असतो, तो माणूस नाशिकला बसला तर काही बिघडत नाही. दोन, पडताळणीला उत्तर देण्याची मुदत महाविद्यालयांना बांधून द्या आणि नकार असेल तर कारण लेखी द्यायला लावा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या तक्रार निवारण नियमांत विद्यार्थ्याची प्रमाणपत्रे अडवून ठेवणे ही तक्रार धरली आहे. पडताळणी अडवणेही तितक्याच स्पष्ट शब्दांत त्यात यायला हवे. तीन, ही सगळी कामे २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याच्या यादीत मुदतीसह आणा, म्हणजे उशीर झाला की अपिलाचा दरवाजा उघडतो.

शासनाने ऐकेपर्यंत विहारांना करण्यासारखे पुष्कळ आहे. धम्म परिषदेच्या मांडवात पुस्तकांच्या स्टॉलशेजारी एक टेबल कागदपत्रांचे लावा. तिथे दहावीत बसणाऱ्या मुलांचे जन्मदाखले, शाळेची नोंद आणि आधार शेजारी ठेवून बघितले तरी निम्मे काम होते. डिजिलॉकरमध्ये येणाऱ्या गुणपत्रिका आताच उतरवून ठेवा. मूळ कागद लॅमिनेट करू नका, त्यावर शिक्का आणि स्टिकर नीट बसत नाही आणि प्लास्टिक सोलताना कागद फाटतो. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव आधी, मग वडिलांचे अशी नवी रचना आली आहे. ती स्वागतार्हच, पण आरोग्य केंद्राच्या कागदावर आणि ग्रामपंचायतीच्या नोंदीत ती एकसारखी लिहिली गेली की नाही, हे पहिल्याच महिन्यात तपासा.

आणि लग्नसराईत बौद्धाचार्यांनी प्रमाणपत्राच्या वहीबरोबर विवाह नोंदणीचा कोरा फॉर्मही पिशवीत ठेवावा. वधू-वर, साक्षीदार आणि विधी लावणारा अशा सगळ्यांच्या सह्या त्याच दिवशी, त्याच मांडवात मिळतात. एकदा पाहुणे पांगले की त्याच सह्यांसाठी सहा महिने फिरावे लागते.