ज्वालामुखी गार का लागतो?

ज्वालामुखी यंदाही फुटले. एका तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून गेलो होतो, तिथं एकाच सभागृहात सात. पुठ्ठ्याचा डोंगर, त्यावर तपकिरी रंग, पोटात प्लॅस्टिकची बाटली आणि बाटलीत खायचा सोडा. वरून लाल रंग घातलेलं व्हिनेगर ओतायचं, फेस उसळला की पालकांचे मोबाइल वर होतात. पाचव्या ज्वालामुखीपाशी सहावीतला एक मुलगा उभा होता. त्याला म्हटलं, "बाटलीला हात लावून बघ रे, गरम लागते का गार?" हात न लावताच तो म्हणाला, "गरम, सर. लाव्हा आहे ना." मग त्यानं हात लावला, काढला, परत लावला. "गार आहे, सर." स्वतःच्या प्रयोगाकडे त्यानं तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं असावं. तेवढ्यात मागून त्याच्या बाई पुढे आल्या. म्हणाल्या, "घाबरलाय तो, सर. पाठांतर पक्कं आहे त्याचं, विचारा ना."

बाईंवर राग धरण्यात अर्थ नाही. गुणपत्रिकेत मांडणीला गुण होते, रंगसंगतीला होते, सादरीकरणाला होते. चकित होण्याला रकानाच नव्हता. पण त्या मुलाच्या हाताला जे कळलं ते पाठांतरात नव्हतं. अभिक्रिया म्हणजे उष्णता बाहेर पडणारच, ही समजूत आपल्या डोक्यात चुलीनं आणि फटाक्यांनी पक्की केलेली असते. सोडा आणि व्हिनेगरची गोष्ट उलटी आहे. ही अभिक्रिया उष्णता आत घेते, आणि ती आजूबाजूच्या पाण्यातूनच घेत असल्यामुळे पाणी थंड पडतं. तरीही ती अडत नाही, कारण घन आणि द्रवातून सुटलेला कार्बन डायऑक्साइड वायू होऊन चहूकडे पसरतो, आणि त्या पसरण्याचा जोर उष्णतेच्या तोट्याला पुरून उरतो. शेजारी चुनकळी भिजवून दाखवली तर चित्र पालटतं. ५६ ग्रॅम चुनकळी पाण्यात पूर्ण विरली की सुमारे ६५ किलोज्यूल उष्णता निघते. सगळी पाण्यालाच मिळाली तर साधारण दोनशे मिलिलिटर पाणी उकळीला येईल एवढी. (हे मोठ्यांनीच करावं, चष्मा लावून. चुना डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो.) दोन्हीकडे बुडबुडे, दोन्हीकडे आवाज, एक भांडं गार, दुसरं भाजणारं. खरा ज्वालामुखी करायचाच, तर चुन्याचा तरी करा.

अभिक्रियेचं स्पष्टीकरण आलं की नाही हे ओळखायची माझी कसोटी सोपी आहे. मुलानं पुस्तकातलं वाक्य म्हटलं, ठीक. मग मी एक गोष्ट बदलतो आणि विचारतो, आता काय होईल? ज्याला ते सांगता येतं, किंवा सांगून चुकल्यावर जो अस्वस्थ होतो, त्याला माझे गुण.

हळदीचंच घ्या. पांढऱ्या शर्टावर वरणाचा डाग पडतो, त्यावर साबण घासला की तो लाल होतो. हे न पाहिलेलं मराठी घर नसेल. पुस्तकात याचं एक वाक्य आहे: हळद हा नैसर्गिक दर्शक असून आम्लारीत लाल आणि आम्लात पिवळी असते. एका गुणाचा प्रश्न. हळदीचा पिवळेपणा करक्युमिन या द्रव्याचा. ते १८१५ साली व्होगेल आणि पेल्तिए यांनी वेगळं काढलं, आणि त्याच्या रेणूची रचना कळायला १९१० उजाडलं. साबणाचं किंवा सोड्याचं पाणी लागलं की या रेणूतले काही हायड्रोजन सुटतात, इलेक्ट्रॉनांची मांडणी बदलते, आणि आधी निळा-जांभळा प्रकाश शोषणारा रेणू निळा-हिरवा शोषू लागतो. उरलेला प्रकाश आपल्याला लाल दिसतो. रेणू मोडलेला नसतो, म्हणून लिंबू पिळलं की पिवळा रंग परत येतो. तमिळनाडूत आणि कर्नाटकात ओवाळायला हळद-चुन्याचं लाल पाणी करतात. त्यात लिंबू पिळून बघा, ताटात पुन्हा हळदीचं पाणी. इथवर पुस्तकाचं वाक्य नीट टिकतं. (डाग गेला नाही तर आई शर्ट उन्हात टाकायची. तेही बरोबरच होतं, प्रकाशानं करक्युमिन मोडतं. पण त्याबद्दल तिला कुणी गुण दिले नाहीत.)

आता कुंकू. पंढरपूरला बुक्क्याशेजारी त्याच्या राशी लागतात, आणि सोलापूर जिल्ह्यातलं केम हे गाव तर कुंकवासाठीच ओळखलं जातं. जुन्या पद्धतीचं कुंकू हळकुंडांपासून होतं, त्याला टाकणखार आणि लिंबाचा रस लावून. जरा थांबा. लिंबाचा रस? आम्लात हळद पिवळी असते ना? मग कुंकू लाल कसं?

हा प्रश्न मी दहावीच्या वर्गात, बी.एस्सी.च्या वर्गात आणि एकदा शिक्षकांच्या शिबिरातही विचारला आहे. बहुतेक ठिकाणी पहिलं उत्तर येतं, "टाकणखार आम्लारी असतो, म्हणून." ते खोटं नाही, टाकणखाराचं पाणी आम्लारीच असतं. मग मी म्हणतो, ठीक, तसं असेल तर भरपूर लिंबू पिळल्यावर कुंकू पिवळं व्हायला हवं. करून बघा.

करायचं असं. एका वाटीत हळद आणि चुन्याची निवळी. दुसऱ्या वाटीत हळद, चिमूटभर टाकणखार आणि सढळ हातानं लिंबाचा रस. दोन्हींचे पट्टे टिपकागदावर ओढायचे आणि वाळू द्यायचे. पहिला लगेच लाल होतो. दुसरा घाई करत नाही, वाळत जाईल तसा केशरीकडून लालीकडे सरकतो, आणि प्रमाण जमेपर्यंत दोन-तीन खेपा होतात. वाळल्यावर दोन्ही पट्ट्यांवर लिंबाचा एकेक थेंब टाकायचा. पहिला पिवळा पडतो. दुसरा जमून आला असेल तर लाली सोडत नाही. टाकणखार तोंडात जाऊ द्यायचा नाही, वाट्या पुन्हा स्वयंपाकघरात न्यायच्या नाहीत.

म्हणजे हळदीची लाली एक नाही, दोन आहेत. दुसरीत टाकणखारातलं बोरॉन आहे. आम्ल असलं की टाकणखारातून बोरिक आम्ल सुटतं आणि बोरॉनचा अणू करक्युमिनच्या रेणूला धरतो. आधी हायड्रोजन फक्त निघून गेला होता, इथं नवीन भिडू येऊन बसला आहे. म्हणून लिंबानं तो उठत नाही; उलट लिंबू हवंच, त्यामुळेच तर तो आला. रसायनशास्त्रज्ञ हे फार पूर्वीपासून वापरत आले आहेत. पाण्यातलं आणि मातीतलं बोरॉन मोजायच्या एका पद्धतीत करक्युमिन आणि तीव्र आम्ल वापरतात. तिथं बोरॉनचा एक अणू करक्युमिनचे दोन रेणू धरतो आणि रोझोसायनिन नावाचा लाल पदार्थ तयार होतो. दूध टिकवायला त्यात बोरिक आम्ल घातलं आहे का, हेही हळदीच्या कागदानंच तपासतात: आम्ल घातलेल्या दुधात बुडवलेला कागद लाल होतो, आणि त्यावर अमोनिया लागला की हिरवट.

पुस्तकातलं वाक्य चूक आहे असं माझं म्हणणं नाही. ते चुन्यापुरतं खरं आहे. पण पहिली लाली पाहून मुलं गप्प बसली, तर दुसरी त्यांच्या वाट्याला येत नाही. आणि ती तर रोज घरात, करंड्यात, समोर असते.

काही वेळा पुस्तकी वाक्य चक्क चूकही असतं. ताटलीत पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती, वरून पालथा ग्लास. मेणबत्ती विझते, ग्लासात पाणी चढतं. "ऑक्सिजन जळून गेला, त्याची जागा पाण्यानं घेतली, हवेत ऑक्सिजन एक पंचमांश म्हणून पाणीही तेवढंच." मी लहानपणी हेच शिकलो आणि लाज वाटते सांगायला, चार वर्षं हेच शिकवलंही. प्रयोग फार जुना, इसवी सनापूर्वी बायझंटियमच्या फायलोनंही तो लिहून ठेवला आहे. चूकही तेवढीच चिवट.

नीट बघितलं तर पाणी ज्योत जळत असताना फारसं चढत नाही, विझताक्षणी झपाट्यानं चढतं. ऑक्सिजन संपण्यानं चढत असतं तर जळतानाच हळूहळू चढलं असतं. ग्लास ठेवताना कडेनं बुडबुडे बाहेर पडतात, तेही दिसतात. शिवाय एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या तर पाणी अधिक वर जातं, आणि ग्लासातला ऑक्सिजन काही तिप्पट झालेला नसतो. ज्योतीनं हवा तापून फुगते, थोडी निसटते, ज्योत विझल्यावर उरलेली हवा आकसते. मुख्य खेळ हा. मेणबत्ती ऑक्सिजन संपेपर्यंत जळतच नाही. हवेतलं त्याचं प्रमाण २१ टक्क्यांवरून १६ टक्क्यांच्या आसपास उतरलं की ती मान टाकते. जे पाच भाग वापरले गेले त्यांच्या बदल्यात सुमारे सव्वातीन भाग कार्बन डायऑक्साइड तयार होतो, आणि तो पाण्यात लगेच विरघळत नाही. खरी घट शंभरात दोन भागांच्याही आतली.

ऑक्सिजनचा पंचमांश खरोखर पाहायचा असेल तर मेणबत्ती सोडा आणि गंजणारी लोखंडी घासणी घ्या. व्हिनेगरमध्ये बुडवून झटका, ग्लासाच्या तळाशी घट्ट बसवा, ग्लास पाण्यात पालथा घाला आणि झोपायला जा. लोखंड गंजताना ऑक्सिजन घेतं आणि बदल्यात वायू देत नाही, हवाही तापत नाही. सकाळपर्यंत, फार तर एक-दोन दिवसांत, पाणी जवळपास पंचमांशावर येऊन थांबतं. ना ज्योत, ना टाळ्या. म्हणून प्रदर्शनात हा प्रयोग कुणी मांडत नाही.

उलट बाजूची चूक मोठमोठ्या माणसांकडूनही झाली आहे. १९५०च्या दशकात बोरिस बेलोऊसॉव्ह या सोव्हिएत रसायनशास्त्रज्ञाच्या चंचुपात्रात एक द्रावण पिवळं व्हायचं, रंगहीन व्हायचं, परत पिवळं व्हायचं, घड्याळाच्या लंबकासारखं. सायट्रिक आम्ल, ब्रोमेट आणि सिरियम. सायट्रिक आम्ल तर आपल्या लिंबातलंच. संपादकांनी निबंध परत पाठवला: असं होऊच शकत नाही. अभिक्रिया एका दिशेनं जाते, मागे-पुढे झुलत नाही, हे तेव्हाचं पाठ केलेलं वाक्य. शेवटी १९५९ साली किरणोत्सार-वैद्यकाच्या एका संग्रहात तो छोटा मजकूर छापून आला. १९६१ पासून झाबोटिन्स्कीनं ते काम पुढे नेलं. १९८० साली लेनिन पारितोषिक मिळालं तेव्हा बेलोऊसॉव्हला जाऊन दहा वर्षं झाली होती. चंचुपात्रात डोकवायचे कष्ट कुणी घेतले असते, तर दोन मिनिटांत दिसलं असतं.

आपल्याकडे न डोकावण्याची किंमत वेगळ्या ठिकाणी चुकवावी लागते. लिंबू कापलं आणि रक्त निघालं, करणी झाली, आता एवढे पैसे. १९८९ साली नरेंद्र दाभोलकरांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती सुरू केली, आणि तिचे कार्यकर्ते शाळांतून, चौकांतून हे लिंबू कापून दाखवत आले आहेत. सुरीवर जास्वंदीच्या पाकळ्या चोळून वाळवल्या, की तिच्यातला जांभळा रंग लिंबाच्या आम्लानं लाल होतो. मिथिल ऑरेंजही चालतं. ते तीव्र आम्लात लाल होतं आणि लिंबू त्याला पुरेसं आंबट आहे. मुलं हे पाहून हसतात, घरी जाऊन दाखवतात, आणि मला ते आवडतं. पण जास्वंदीचं नाव पाठ करून भागणार नाही. पुढच्या बुवाकडे दुसरं काही असेल. सातवीच्या एका मुलीनं यावर जे सुचवलं ते मला कुठल्याही पुस्तकात सापडलेलं नाही: "लिंबू त्यांचंच राहू दे. सुरी आमची."

प्रदर्शनवाल्यांना एवढंच सुचवतो: ओतण्याआधी प्रत्येक मुलानं एका चिठ्ठीवर पेन्सिलीनं अंदाज लिहायचा आणि ती चिठ्ठी मांडणीशेजारी चिकटवायची. गरम होईल, पिवळं होईल, काही होणार नाही. चुकलेली चिठ्ठी काढून टाकायची नाही. मी परीक्षक असेन तर आधी चिठ्ठी वाचीन, डोंगराचा रंग नंतर बघीन.

हे लिहिण्याआधी देव्हाऱ्यातल्या करंड्यातलं चिमूट-चिमूट कुंकू दोन बशांत घेतलं. एकीत लिंबू पिळलं, दुसरीत सोड्याचं पाणी घातलं. माझी चिठ्ठी होती: लिंबात लाल राहील, सोड्यात काळपट पडेल. दोन्ही बशा एकसारख्या गुलाबी झाल्या आणि तशाच राहिल्या. हळद नावालाही नसावी, नुसता बाजारी रंग. आईला बशा दाखवल्या. तिनं चष्मा लावून दोन्ही पाहिल्या आणि म्हणाली, "पंढरपूरहून तूच आणलं होतंस. पुढच्या वारीला खिशात लिंबू घेऊन जा."