सोरायसिस रक्तात मोजू नका

या आठवड्यात एका वाचक आईचं पत्र आलं, सोबत मुलाचे रिपोर्ट. मुलगा कॉलेजात शिकणारा, डोकंभर सोरायसिस, चट्टे कपाळापर्यंत उतरलेले. कुणीतरी सुचवलं म्हणून तपासण्यांचं अख्खं पॅकेज केलं: सीआरपी, ईएसआर, युरिक ॲसिड, ड जीवनसत्त्व, शिवाय न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट पेशींचं गुणोत्तर. सगळं नॉर्मल. मुलगा कॉलेजला जायचं टाळतोय आणि आई विचारते, ‘रक्त चांगलं आहे, म्हणजे आजार सौम्यच ना?’

नाही, ताई. त्या कागदावरून हे ठरत नाही. आणि ठरतं असं तुम्हाला वाटू देणाऱ्यांचा मला मनापासून राग आला आहे.  कातडीचा कुठलाही आजार म्हणजे ‘रक्त बिघडलं’, ही आपली जुनी समजूत. तिच्यावर पूर्वी रक्तशुद्धीच्या बाटल्या खपायच्या, आता प्रयोगशाळेचे रिपोर्ट खपतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

सीआरपी यकृतात तयार होतं आणि शरीरात कुठेही दाह झाला की वाढू शकतं. हिरड्या सुजल्या, घसा बसला, पोटाचा घेर वाढला, तरी वाढतं. सोरायसिसच्या रुग्णांची सरासरी निरोगी माणसांपेक्षा जास्त भरते, हे खरं. पण सरासरी गटाची असते. समोर बसलेल्या एका मुलाबद्दल ती फारसं सांगत नाही. गुणोत्तराचं तर विचारूच नका. सीबीसी, म्हणजे रक्तपेशींच्या साध्या मोजणीतल्या दोन आकड्यांचा तो भागाकार. रुग्णाने स्टिरॉइडच्या गोळ्या घेतल्या की न्यूट्रोफिल वाढतात, लिम्फोसाइट घटतात. म्हणजे चट्टे तात्पुरते दबत असताना गुणोत्तर मात्र चढतं!

आता त्वचेवरचं मोजमाप पाहा. १९७८पासून ‘पासी’ नावाचा गुणांक वापरात आहे. डॉक्टर लाली, जाडी आणि खपल्या यांना प्रत्येकी ० ते ४ गुण देतात, चट्ट्यांनी किती भाग व्यापला त्याला ० ते ६, आणि डोकं, हात, धड, पाय यांना १०, २०, ३०, ४० टक्के वजन. एकूण गुण ७२. या मुलाचंच गणित करू. लाली, जाडी, खपल्या तिन्हींना ३ धरले तर झाले ९. डोकं आणि चेहरा मिळून निम्म्याहून थोडा जास्त भाग व्यापलेला, त्याचे ४. गुणाकार ३६, त्याचे १० टक्के म्हणजे ३.६. अख्खं डोकं आणि चेहरा जास्तीत जास्त खराब असला, तरी या हिशेबात ७.२ च्या वर जाताच येत नाही. तीव्र सोरायसिससाठी १० च्या पुढचा आकडा धरतात.

म्हणजे रक्त म्हणतं काही नाही, पासी म्हणतो थोडंसं, आणि मुलगा वर्गात बसू शकत नाही. असा त्रास मोजायला १९९४मध्ये कार्डिफच्या त्वचारोगतज्ज्ञांनी दहा प्रश्नांचा कागद तयार केला, डीएलक्यूआय. गेल्या आठवड्यात खाज किती आली, लाज वाटली का, कपडे निवडताना आजाराचा विचार करावा लागला का, काम किंवा अभ्यास अडला का, उपचारांचाच त्रास झाला का. एकूण ३० गुण. इथेही १० च्या वर गेलं की आजार तीव्र धरायचा, मग पासी कितीही कमी असो. या कागदाला सुई लागत नाही, उपाशीपोटी जावं लागत नाही. लागतात काही मिनिटं आणि विचारायची तयारी. जो दवाखाना रक्त काढायला सांगतो पण उजेडात डोकं, नखं, गुडघे, पाठ पाहत नाही, तिथे आजार मोजलाच गेलेला नाही.

संशोधनात एक घटक मात्र खरंच लक्षवेधी आहे, बीटा डिफेन्सिन-२. चट्टे वाढले की रक्तात तो वाढतो, उपचार लागू पडले की उतरतो. पण तो बनतो मुख्यतः सोरायसिसच्या त्वचेतच. म्हणजे रक्तातसुद्धा आपण त्वचेचीच खबर वाचत असतो. रोजच्या उपचारात ती तपासणी अजून आलेली नाही.

रक्त तपासूच नका, असं कुणी यातून काढू नये. सोरायसिसवरचं मेथोट्रेक्सेट हे औषध चालू असेल तर सीबीसी आणि यकृत-मूत्रपिंडाच्या तपासण्या ठरल्या वेळी व्हायलाच हव्यात. बायोलॉजिक इंजेक्शनांआधी क्षयरोग आणि हिपॅटायटिस बी तपासलाच पाहिजे. साखर आणि कोलेस्टेरॉल पाहावं, कारण या आजारात हृदयविकाराचा धोका वाढतो. अंगभर पुवाळलेले फोड आणि ताप असेल तर थेट रुग्णालय गाठावं. तिथे पांढऱ्या पेशी, कॅल्शियम, क्रिएटिनिन यांवर जीव अवलंबून असू शकतो.

आणि सांधे, कारण सोरायसिस त्यांनाही धरू शकतो. या मुलाला आईने आजच विचारावं: सकाळी उठल्यावर बोटं, टाचा, कंबर आखडते का, एखादं बोट पूर्ण सुजतं का, नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे आहेत का. सोरायसिसच्या संधिवातात अनेकांचं सीआरपी आणि ईएसआर नॉर्मलच येतं, आरए फॅक्टरही बहुधा निगेटिव्ह. तेवढ्यावर विसंबून संधिवाततज्ज्ञांकडे जाणं लांबवू नका. दरम्यान सांध्याचं हाड झिजलं, तर ते पुन्हा भरून येत नाही.